पाणी घालणाऱ्याने पाणी प्यावे

वैशाख लागला, की आप्तेष्टांची दूरध्वनीवरून विचारपूस सुरू होते. कोणी इंदूरला, कोणी ग्वाल्हेरला, कोणी बडोद्याला, तर कोणी पार रायपूरला. पण प्रश्न सर्वांचा एकच. ‘बुऱ्हाणपुरात ऊन कसे आहे?’ आमचे उत्तरही ठरलेले आहे. ‘जसे असावयास हवे तसे आहे.’ सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या काठी वसलेल्या या गावी मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे ही काही बातमी नव्हे. यापुढचा प्रश्न मात्र आम्हांस जरा लागतो. ‘तुम्ही दोघेच, निवृत्त माणसे, उन्हाळ्याचा एवढा लांब दिवस घालवता तरी कसा?’

असे विचारणाऱ्यास आमच्या घरची शिरगणती ठाऊक नसावी. माणसे दोनच हे खरे. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या छायेखाली मोत्या नावाचा तेरा वर्षांचा गावठी कुत्रा होता, मनी नावाची मांजर आणि अडगळीच्या खोलीत जन्मलेली तिची दोन पिल्ले होती. सकाळी पोळीसाठी दारी उभी राहणारी तांबडी गाय आमची नव्हे, पण आमच्यावर हक्क सांगणारी. अंगणातल्या कडुनिंबावर साळुंक्या, खारी आणि पोपट. आमच्या नातीला एक पोपट पिंजऱ्यात हवा होता. आपल्याकडचे रानपोपट घरी बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हे सांगितल्यावर तिने तोंड फिरविले. पण निंबोळ्या खाण्यास तेच पोपट रोज येतात हे पाहिल्यावर तिची समजूत पटली.

एवढ्या मंडळींचा दिवस पहाटे साडेचारला उजाडतो. अंगणात सडा पडतो, आणि सूर्य वर येण्यापूर्वी मोत्याचे फिरणे आटोपावे लागते. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल, तर कुत्र्याच्या पंजालाही सोसवत नाही, हा आमचा साधा नियम. आठाच्या आत स्वयंपाक. मग माठ घासून भरणे, वाळ्याची जुडी धुऊन त्यात सोडणे, आणि पाण्याची वाटणी. मोत्याचे कल्हईचे वाडगे, मनीची चिनी मातीची बशी, गायीची बादली, पाखरांची मातीची परळे आणि शेवटी तुळस. अकराला खिडक्या-दारे बंद. बाहेर यंत्रमागांची खटखट चाललेली असते. ती एकाएकी थांबली, की वीज गेली हे समजते; पंख्याकडे पाहावे लागत नाही. चारला पन्हे, सूर्य कलल्यावर ओट्यावर पाण्याचा शिडकावा, आणि रात्री गच्चीवर बाज. आता वाचकांनीच सांगावे, यात घालविण्याजोगा वेळ उरतो कोठे?

आम्ही चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला. माठातले पाणी गार का होते, हे किती पिढ्यांना सांगितले असेल त्याची गणती नाही. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. घामाने आपले अंग निवते तेही असेच. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरताच; म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. मांजर आपली कातडी चाटून ओली करते. पाखरांना घाम मुळीच येत नाही. ती चोच उघडी ठेवून बसतात. हे सारे आम्ही फळ्यावर आकृत्या काढून शिकविले. परंतु माठ गार होतो तो स्वतःतले पाणी गमावून, आणि म्हणूनच तो रोज भरावा लागतो, हे वाक्य आमच्याच घरात कोणाला लागू आहे, याचा विचार आम्ही केला नव्हता.

गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्याहून मुलगा, सूनबाई आणि नातवंडे यावयाची होती. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांच्यासाठी बिबड्यांचा घाट घातला. ज्वारी भिजविणे, कांडणे, शिजविणे आणि गच्चीवर उन्हात त्या थापणे, हे काम किती कष्टाचे आहे ते खानदेश-निमाडातल्या गृहिणींना सांगावयास नको. त्या सकाळपासून वर-खाली करीत होत्या. मध्येच येऊन वाडगी भरीत, परळे भरीत, पुन्हा वर जात. सव्वाबाराच्या सुमारास त्या खाली आल्या आणि दिवाणावर बसल्या. एवढ्यात यंत्रमाग थांबले, पंखा थांबला.

“अहो, मोत्याला पाणी घातले का?” त्यांनी विचारले.

“तुम्हीच नाही का आत्ता घातले?” आम्ही वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो.

थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले, किंचित कंटाळून. तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा त्यातले शब्द जड झाले होते. आम्ही वर पाहिले. चेहरा लाल, हात भिंतीला टेकलेला, आणि नजर मोत्याकडे नव्हे, कोठेच नव्हे. मोत्याचे वाडगे काठोकाठ भरलेले होते.

शेजारच्या मंडळींनी रिक्षा आणीपर्यंत आम्ही लुगड्याची गाठ सैल केली, मान, काखा आणि कपाळ यांवर ओल्या फडक्यांच्या घड्या ठेवल्या, विंझणवाऱ्याने वारा घातला. डॉक्टरांनी सलाईन लावले. संध्याकाळी त्या शुद्धीवर येऊन नीट बोलू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “आजी, सकाळपासून पाणी किती प्यालात?” त्यांनी आठवून सांगितले, “दोन कप चहा झाला होता.” “आणि पाणी?” “तहानच नव्हती लागली.”

डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, ते आमच्या वयाच्या प्रत्येक वाचकाने मनाशी बांधून ठेवावे, म्हणून येथे देतो. वय वाढले, की तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण ते मागत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही कमी होते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढविणारे औषध चालू असेल, तर पाणी आणखी जाते. म्हणून वृद्धांनी तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते किती प्यावे हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. हवा ४० अंशांच्या वर गेली, की नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. अंग ओले करून मग वारा घ्यावा. चक्कर, गोळे येणे, डोके दुखणे ही पहिली सूचना. बोलणे असंबद्ध झाले, की घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा, आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी कधीही ओतू नये. शुद्धीवर असलेल्या, घामाने थकलेल्या माणसासाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण चहाच्या चमच्याचे. खिशात कांदा ठेवण्याची आपली जुनी चाल खुशाल पाळावी. पण कांदा म्हणजे पाणी नव्हे.

दोन दिवसांनी मुले आली. मुलाने पहिल्याच रात्री विषय काढला. “बाबा, पुढच्या वर्षीपासून मार्च ते जून तुम्ही दोघे पुण्याला यावयाचे.” त्याचे बोलणे काळजीचे होते, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. घरात एक माणूस तीनदा हाक मारतो आणि दुसरा वर्तमानपत्र वाचतो, तेथे ‘आमचे आम्ही पाहू’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे? सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “मोत्याला आता प्रवास सोसायचा नाही.” बिबड्या कोणी मागितल्या नाहीत, आणि तळल्यावर कोणी फारशा खाल्ल्याही नाहीत.

सुट्टीच्या अखेरीस एका संध्याकाळी आम्ही नातवंडांना लालबागेकडे कुंडी भंडारा दाखवावयास नेले. बादशहा जहांगीर याच्या काळी, १६१५ साली, खानखानान अब्दुर्रहीम यांच्या कारकिर्दीत तबकुतुल अर्झ नावाच्या इराणी तज्ज्ञाने ही योजना आखली. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखाली झिरपत तापीकडे निघालेले पाणी भंडाऱ्यांत अडवायचे आणि भुयारांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणायचे. ना मोट, ना रहाट. वर हवेसाठी एकामागे एक कुंड्या. मूळच्या आठ योजनांपैकी काही काळाच्या ओघात नष्ट झाल्या. ही मात्र अजून वाहती आहे. २०२४ साली तिचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले.

नातीने कुंडीच्या काठाशी वाकून खालचा ओलसर गारवा अनुभवला आणि विचारले, “आजोबा, तेव्हा इथे पाणी संपले होते का?”

“नाही. जवळच तापी होती की,” आम्ही म्हणालो.

“मग एवढे कशासाठी खणले?”

आम्ही शिक्षकी थाटात सांगू लागलो, की शहर मोठे होते, सैन्याचा तळ होता; आणि शत्रूने नदीत विष कालवले तर काय, अशी धास्तीही होती, असे सांगतात. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, ही म्हण आम्ही मुलांकडून दरवर्षी घोटून घेत असू. तिचा अर्थ त्या काठावर आम्हांस नव्याने कळला. आमच्या वयाला तर तहानही वेळेवर येत नाही. पाणी आधीच, न मागता, थोडे थोडे वाहते ठेवावे लागते.

घरी येताच नातीने कागदावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली आणि माठाच्या वर भिंतीला चिकटविली. ‘पाणी घालणाऱ्याने पाणी प्यावे.’ नियम असा, की मोत्याचे वाडगे भरणाऱ्याने आधी आपले फुलपात्र रिकामे करावयाचे. मनीच्या बशीला अर्धे, पाखरांच्या परळांना पुन्हा एक. दिवसातून सहा वेळा वाटणी, म्हणजे सहा वेळा पाणी. दुसऱ्याची तहान सौभाग्यवतींना कधी विसरू गेली नाही. त्या आठवणीलाच त्यांची स्वतःची तहान नातीने बांधून दिली. मुलाने तो कागद वाचला आणि पुण्याचा विषय काढला नाही. ठरले एवढेच, की रोज दुपारी बाराला त्याचा फोन यावयाचा, आणि आम्ही त्या वेळी वर्तमानपत्र वाचावयाचे नाही.

मार्गशीर्षात मोत्या गेला. वयच झाले होते. थंडीच्या एका पहाटे तो उठला नाही. कडुनिंबाखाली त्याला पुरले. चैत्रात पुन्हा माठ निघाला, तेव्हा त्याचे वाडगे हातात घेऊन सौभाग्यवती थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते घासले, भरले आणि फाटकाबाहेर ठेवले. गल्लीतली दोन-तीन कुत्री दुपारी येऊन पाणी पितात.

पुण्याला जाण्यास आता मोत्याची अडचण नाही, हे आम्ही उभयता जाणतो, आणि मुलगाही जाणतो. तरी यंदाचा वैशाख आम्ही येथेच काढीत आहोत. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी पाहू. दुपारी बाराला फोन येतो तो हल्ली मुलाचा नसतो, नातीचा असतो. ती ऊन किती आहे हे विचारीत नाही.

“आजी, वाडगे भरलेस?”

“भरले गं,” सौभाग्यवती सांगतात, आणि फुलपात्र खाली ठेवल्याचा आवाज तिला ऐकू जाईल इतपत जोराने ठेवतात.