'येतो' म्हणून गेलेल्यांची तरतूद

घरातून निघताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चुकून कोणी 'जातो' म्हणालाच, तर घरातले वडीलधारे माणूस लगेच टोकते. या महाविद्यालयात आल्यावर कळले की कन्नड बोलणारे मित्रही 'होगि बर्तीनि', म्हणजे 'जाऊन येतो', असेच म्हणतात. आमच्या आदिलाबादकडच्या तेलुगूतल्या 'पोयि वस्ता'चा अर्थही तोच. तीन भाषा, तीन लिप्या, पण निरोपाच्या वेळी तिघींचे म्हणणे एकच.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला या शब्दाकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. 'येतो' हा नुसता शिष्टाचार नाही, ते वचन आहे. आणि दिलेले वचन हिशेबात देण्याच्या बाजूला मांडावे लागते. जे देणे पुढे नक्की येणार हे ठाऊक असते, त्यासाठी आधीपासून रक्कम बाजूला काढून ठेवायची, याला आपल्या शास्त्रात तरतूद म्हणतात. तरतूद न करता नफा दाखवणारा व्यापारी स्वतःचीच फसवणूक करतो. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसांच्या बाबतीत आपण नेमके हेच करीत आहोत, असे माझे मत आहे.

माझे गाव बाजारहत्नूर, जिल्हा आदिलाबाद. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि किनवट, राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके त्याच जिल्ह्यात होते. राज्यांच्या सीमा बदलल्या, माणसे जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे आमच्याकडे शाळा मराठी, बाजार तेलुगू, लेक किनवटला आणि मामा नांदेडला, असा संसार असतो. या भेटीगाठींना एस.टी.चे तिकीट पुरते. पण नात्यांचा पसारा आता किनवट-नांदेडपुरता राहिलेला नाही. निर्मल, जगित्याल, निजामाबाद या आमच्या शेजारच्या भागांतून कित्येक वर्षे माणसे आखातात जात आली आहेत, आणि कापूस-सोयाबीनच्या भरवशावर घर चालेना तेव्हा आमच्याकडचेही काही जण त्या वाटेने गेले. माझ्याबरोबर एका बाकावर बसून मराठी कविता पाठ करणारा एक मित्र आज शारजात गवंड्याच्या हाताखाली काम करतो. दुसऱ्या बाजूला हैदराबादेत शिकून अमेरिकेला गेलेलेही आहेत. आमच्या वसतिगृहातल्या मंगळुरू-उडुपीकडच्या मुलांना यातले काहीच नवे वाटत नाही. त्यांच्याकडे आखातातला काका नाही असे घर शोधावे लागेल.

गंमत पाहा. बाजारहत्नूरहून शमशाबादच्या विमानतळावर पोचायला रस्त्याने जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात विमान तिथून दुबईला उतरते. म्हणजे समुद्र आता रस्त्याहून लहान झाला आहे. मग भेटी का होत नाहीत?

कारण अंतर आता मैलांत मोजायचे राहिलेले नाही, ते कागदांत आणि पगारात मोजावे लागते. मुलगा अमेरिकेत इंजिनियर असेल, तर हैदराबादजवळच्या चिलकूरच्या 'व्हिसा बालाजी'ला ११ प्रदक्षिणा घालून नवस बोलायचा, व्हिसा मिळाला की १०८ घालून फेडायचा, आणि आईवडिलांनी नातवंडाच्या बारशाला विमानात बसायचे. पाहुण्यांच्या व्हिसावर साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येते. त्यांनाही अडचणी आहेतच; पण निदान दार आहे आणि ते ठोठावता येते.

आखातातल्या मजुराच्या घरच्यांचे तसे नाही. संयुक्त अरब अमिरातीत बायकोमुलांना सोबत ठेवायचे, तर महिना ४,००० दिऱ्हॅम पगार लागतो, किंवा ३,००० आणि राहायची जागा. विटा-सिमेंट वाहणाऱ्याला याच्या निम्मेही मिळत नाहीत, असे सुट्टीवर आलेले लोक सांगतात. सौदी अरेबियाने २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि ते वाढवत २०२० मध्ये ४०० वर नेले. आई चार आठवड्यांसाठी पर्यटक म्हणून जाऊ म्हणेल, तर एका खोलीत सहा-आठ माणसे झोपतात, तिथे तिला उतरवायचे कुठे? तेव्हा तिने जाणे जवळजवळ अशक्य, त्यानेच येणे भाग. आणि त्याचे येणेही पूर्णपणे त्याच्या हाती नव्हते. सौदीत मार्च २०२१ पर्यंत सुट्टीवर घरी यायला मालकाची संमती लागे. तेव्हा नियम सैल झाले, पण घरकाम करणाऱ्यांना आणि घरगुती ड्रायव्हरांना त्यातून वगळले गेले.

समुद्र खरोखर मोठा होता त्या काळाकडे पाहिले, तर हा विरोधाभास अधिक टोचतो. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. पत्राचे उत्तर हाती यायला महिने लागत. तरीही त्यांचे पती गोपाळराव पुढे अमेरिकेत पोचले, आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली तेव्हा त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई त्या सोहळ्यासाठी इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून आल्या होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात वारल्या. रमाबाईंनी तो प्रवास 'पुढे कधीतरी' म्हणून लांबणीवर टाकला असता, तर ते 'पुढे' आलेच नसते.

हे शिकल्या-सवरलेल्यांचे झाले. मजुरांचे पाहायचे तर मॉरिशसकडे पाहावे. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जी लाखो भारतीय माणसे गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी कुटुंबेही होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर मजूर उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सुरुवातीच्या करारांत मुदत संपल्यावर परतीच्या भाड्याची सोय होती. पुढे मळेवाल्यांच्या सोयीने ती काढून घेतली गेली. परिणाम काय झाला? तेही घरून 'येतो' म्हणूनच निघाले असणार. पण बहुतेक परतले नाहीत. आज त्यांचे वंशज गणेशचतुर्थी थाटाने साजरी करतात, त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्यांतले काही जण खापरपणजोबांचे गाव शोधत भारतात येतात. करारातली एक ओळ पुसली गेली आणि मुलाची भेट पाचव्या पिढीवर गेली. तरतुदीचे महत्त्व सांगायला याहून मोठा दाखला कशाला हवा?

आता आपल्या आजच्या तरतुदी तपासू. दहावी न झालेल्या कामगाराला आखातात नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते आणि 'प्रवासी भारतीय बीमा योजना' काढावी लागते. हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. विमा दहा लाखांचा. योजना चांगली आहे, यात वाद नाही. तिच्यात एक कलम असे आहे की कामगाराचा परदेशात मृत्यू झाला, तर पार्थिव आणण्याच्या खर्चाबरोबर सोबतच्या एका माणसाचे जाण्यायेण्याचे विमानभाडेही मिळते. तेलंगण सरकारनेही २०२४ मध्ये आखातात मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला पाच लाख रुपये देण्याचा निर्णय घेतला. या मदतीने कित्येक घरे सावरतील. पण वाचकहो, हे एकत्र मांडून पाहा. त्याच्यासाठी विमानाच्या तिकिटाची कायम लिहिलेली तरतूद आहे, पण ती तो गेल्यावरची. जिवंतपणी आईला भेटायला यायचे तिकीट मात्र मालकाने करारात लिहिले असेल तरच, आणि ते लिहिले आहे की नाही हे पाहणारे आमच्या गावात फार थोडे!

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की आता घरोघर मोबाईल आहे, रोज तोंड दिसते, मग भेटीचे एवढे काय? मोबाईलचे उपकार मी नाकारीत नाही. पण आमच्या शेजारच्या घरातला चार वर्षांचा मुलगा आजोबांना बिनधास्त 'तू' म्हणतो आणि अडीच वर्षांनी सुट्टीवर आलेल्या वडिलांना 'तुम्ही' म्हणत होता. त्याला कोणी तसे शिकवले नव्हते. घरी आलेल्या पाहुण्याशी जसे बोलायचे तसे तो बोलत होता. फोनवर खुशाली कळते. आपलेपणा मात्र एका ताटात जेवल्याशिवाय, एका अंगणात झोपल्याशिवाय येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. येण्याजाण्याच्या खर्चात एका मुलाची वर्षाची फी निघते. पण या खर्चाची फोड करून पाहिली पाहिजे. माझ्या मित्राला मी विचारले, की दोन वर्षे झाली, का येत नाहीस? तो म्हणाला, "तिकिटाचं जमेल रे, पण रिकाम्या हातानं कसं येऊ?" म्हणजे अडचण तिकिटाची नाहीच. काकूला ब्लँकेट, मेव्हण्याला मोबाईल, शेजाऱ्यांना अत्तर, बहिणीला अंगठी, ही यादी तिकिटाच्या दुप्पट होते आणि तीच त्याला अडवून धरते. ही यादी ना मालकाने केली ना सरकारने. ती आपण केली आहे. आखातातून कोणी उतरला की आपला पहिला प्रश्न असतो, 'काय आणलंस?' या एका प्रश्नाने किती जणांचे येणे एकेक वर्ष पुढे ढकलले असेल, याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडायचा नाही.

तेव्हा माझे म्हणणे तीन कलमांत मांडतो.

पहिले कलम कराराचे. दर दोन वर्षांनी जाण्यायेण्याचे तिकीट आणि पगारी सुट्टी ही गोष्ट करारात छापलेली असावी, आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाने ती पाहूनच शिक्का मारावा. सौदीच्या कायद्यात वर्षाला किमान २१ दिवस आणि पाच वर्षांच्या नोकरीनंतर ३० दिवस पगारी सुट्टी आहे. ही सुट्टी कामगाराचा हक्क आहे, हे निघण्याआधीच त्याला त्याच्या भाषेत, मराठीत, तेलुगूत, कन्नडात, समजावून दिले पाहिजे. हे काम आपण वाणिज्याचे विद्यार्थी सुट्टीत गावी गेल्यावर सहज करू शकतो. करारनामा वाचता येत नसेल, तर आपण चार वर्षे शिकलो काय?

दुसरे कलम घराचे. पैसे आले की आपण आधी कर्जाचा हप्ता, मग घराचे छत, मग लग्न असे वाटे पाडतो. त्यातच भेटीचा एक वाटा पहिल्या महिन्यापासून असावा. उदाहरणादाखल धरू की एका फेरीला ४८,००० रुपये लागतात. दोन वर्षांत ते महिना २,००० होतात. एकदम काढायची ही रक्कम डोंगर वाटते. महिन्याला काढली तर ती झेपते. शिवाय ज्यांना शक्य आहे त्यांनी आईचा आणि बायकोचा पासपोर्ट करून ठेवावा. नेहमीचे शुल्क १,५०० रुपये आहे, आणि २०१७ पासून ठिकठिकाणच्या मोठ्या पोस्टांतही ही सोय झाली आहे. उद्या मुलाचा पगार वाढला, किंवा देव न करो पण तो तिथल्या दवाखान्यात पडला, तर कागदासाठी अडून राहायला नको.

तिसरे कलम गावाचे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. येणाऱ्याच्या पिशवीकडे पाहणे बंद करावे. तो स्वतः आला, हीच त्याने आणलेली वस्तू.

कोणी म्हणेल, हे सारे भावनेचे बोलणे आहे, यात वाणिज्य कुठे आले? मला तर हे शुद्ध वाणिज्य वाटते. माणूस बाहेर जातो तो घरासाठी. घराशी त्याची ओळखच पुसट झाली, तर पाठवलेला पैसा कोणत्या खात्यात जमा धरायचा? ज्या भांडवलासाठी धंदा मांडला तेच बुडाले, तर वरवरचा नफा काय कामाचा?

येत्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळांचे जुने सोबती फोनवर भेटतील. कोणी दुबईहून, कोणी डॅलसहून. त्यांना पगार किती, गाडी कोणती हे जरूर विचारा. पण त्याआधी 'कधी येतोस?' हे विचारा, आणि 'असाच ये, काही आणू नकोस' हेही सांगा. तो निघताना 'येतो' म्हणाला होता. ते वचन पाळणे त्याला जमेल असे करणे, ही आपलीही जबाबदारी आहे.