आधी जाळी, मग काच

कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक प्रोसेसरवर तासभर घासाघीस करतं, रॅमवरही दोन-चार प्रश्न विचारतं. कॅबिनेटची वेळ आली की मात्र एकच मागणी असते: "ते काचेचं, लाइटवालं द्या." सोलापुरात माझा असेंबली-दुरुस्तीचा धंदा आहे आणि माझं मत सरळ आहे. आपल्याकडच्या हवेत पुढून काचबंद असलेलं कॅबिनेट घेऊ नये.

इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. फॅन कितीही बसवा, ते खोलीतलीच हवा आत ओढणार. मग निदान ती मोकळेपणी आत यावी. पुढे काच असली की ते तीन रंगीत फॅन कडेच्या बोटभर फटीतून हवा खेचत बसतात. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि गिऱ्हाईक मला विचारतं, "व्हायरस आलाय का हो?" बाजूला काच असायला माझी हरकत नाही, तिथून हवा घ्यायची नसते. पुढे मात्र जाळीच हवी आणि तिच्यामागे काढून धुता येईल असा फिल्टर.

फिल्टरचं महत्त्व समजून घ्यायचं तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जावं. तिथल्या टॉवेल कारखान्यांच्या ऑफिसांत कापसाचे तंतू हवेत तरंगतच असतात. फिल्टर नसलेलं मशीन उघडलं की हीटसिंकवर छोटा टॉवेलच विणलेला दिसतो. अशा जागी हवा आत घेणारे फॅन बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावेत. आतला दाब थोडा जास्त राहिला की फटींतून धूळ शिरत नाही, जी येते ती फिल्टरवर अडकते.

दुकानात गेल्यावर कॅबिनेटचा पत्रा अंगठ्याने दाबून पाहा. स्वस्तातला पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, 'टक्' करून आत जातो आणि पुढे फॅनबरोबर थरथरतो. ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा असेल तर पत्र्याची काळजी नको. आतल्या कडा दुमडलेल्या हव्यात, नाहीतर बोटं कापतात (माझ्या हातांना विचारा). मागच्या स्लॉटच्या पट्ट्या स्क्रूच्या आहेत का, हेही बघा. मोडून काढायच्या पट्ट्या परत बसत नाहीत, भोक उघडं राहतं आणि त्यातून पाल आत जाते. मेलेली पाल मदरबोर्डवरून काढणं हा माझ्या धंद्यातला सर्वांत नकोसा भाग आहे.

खर्च जास्त वाटतो, पण कॅबिनेट जुनं होत नाही. मदरबोर्डच्या एटीएक्स या प्रकाराचं माप इंटेलने १९९५ मध्ये ठरवलं. पूर्ण आकाराचा बोर्ड ३०.५ बाय २४.४ सेंटिमीटरचा, आणि स्क्रूच्या जागा आजही बहुतांशी त्याच. म्हणजे दोनदा मदरबोर्ड बदलला तरी खोकं तेच चालतं. फक्त ग्राफिक्स कार्डची लांबी आधी मोजा. हल्लीची मोठी कार्डं ३० सेंटिमीटरच्याही पुढे जातात.

कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) मात्र नकोच. स्टिकरवर ४५० वॅट लिहिलं म्हणून तो तेवढा भार पेलेलच असं नाही. तो स्वतंत्र, चांगल्या प्रतीचा घ्या.

"पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात" ही तक्रार घेऊनही लोक कॅबिनेट बदलायला येतात. त्यात बहुतेक वेळा कॅबिनेटचा दोष नसतो. एसएमपीएसमधल्या विजेच्या फिल्टरच्या कपॅसिटरांतून थोडासा करंट पत्र्यावर येतोच. तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. जुन्या घरांत अनेकदा सॉकेटला तिसरं भोक असतं, पण आत अर्थिंगची वायर नसते. नवं कॅबिनेट घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तेवढं तपासून घ्या.