लाँच झक्कास, क्राउन खल्लास!

ड्रॅग रेसिंग म्हणजे जगातला सगळ्यात सोपा मोटरस्पोर्ट, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. दोन गाड्या, एक सरळ रस्ता, हिरवा दिवा लागला की सुटायचं. पाव मैल म्हणजे १,३२० फूट, आपल्या हिशेबात साधारण ४०२ मीटर. वळण नाही, पिट-स्टॉप नाही, स्ट्रॅटेजीची भानगड नाही. पण दोस्तहो, या ४०२ मीटरांतले पहिले दोन-चार मीटर असतात ना, तिथेच सगळी गोची आहे. गिअरबॉक्स मॅन्युअल असेल तर जास्तच.

सीन असा असतो. टाचेपासून अंगठ्यापर्यंत डावा पाय क्लचवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, टॅकोमीटर पाच हजारांवर. हिरवा दिवा. डावा पाय क्लचवरून झटकन बाजूला. आणि मागून एकच आवाज येतो: कडाक्! इंजिन बोंबलतंय, स्पीडोमीटरचा काटासुद्धा वर चढतोय, पण गाडी जागची हलत नाही. शेजारची गाडी केव्हाच पसार. मागच्या अ‍ॅक्सलच्या पोटात पिनियनचे दात गळालेले असतात आणि तेलात लोखंडाची भेळ झालेली असते.

अमेरिकेत या प्रकाराचं क्लासिक उदाहरण म्हणजे १९९८ ते २००२ या काळातल्या शेवरोले कॅमॅरो आणि पाँटिअ‍ॅक फायरबर्ड. एलएस-१ हे मस्त व्ही-८ इंजिन, सोबत टी-५६ हा सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, आणि मागे ‘टेन-बोल्ट’ नावाचा जेमतेम साडेसात इंची क्राउनचा अ‍ॅक्सल. रोजच्या वापराला ठणठणीत. पण चिकट टायर लावून क्लच सोडायला लागलात की हा अ‍ॅक्सल फार दिवस साथ देत नाही, हे तिकडच्या ड्रॅगवाल्या पोरांना पाठ आहे. या गाड्या आता सेकंडहँड मिळतात, म्हणजे नव्या मालकांच्या वाट्याला जुनंच दुखणं येतं.

आता मूळ प्रश्न. तेवढ्याच ताकदीची ऑटोमॅटिक गाडी त्याच अ‍ॅक्सलवर जास्त दिवस टिकते आणि मॅन्युअलच का मोडते?

थोडं गणित करू, घाबरू नका. इंजिनचा टॉर्क साधारण ४५० न्यूटन मीटर. पहिल्या गिअरचा रेशो २.६६. म्हणजे पिनियनपर्यंत पोचेपर्यंत झाले जवळपास १,२००. मागे ३.४२ चा क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांपाशी सुमारे ४,१००. हे झालं शांतपणे गाडी काढली तर. पण पाच हजार आरपीएमला क्लच सोडला तर हिशेबात फक्त इंजिन राहत नाही. गरगर फिरणारं जड फ्लायव्हील असतं, क्रँकशाफ्ट असते. त्यात साठलेली ऊर्जा आरपीएमच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे आरपीएम दुप्पट केला तर ऊर्जा चौपट. ती सगळी ऊर्जा एका क्षणात मागे धावते. अशा वेळी गिअरबॉक्सकडे किती टॉर्क जाईल हे इंजिन ठरवत नाही, क्लच ठरवतो. तुमचा क्लच ९०० न्यूटन मीटर घट्ट धरू शकत असेल, तर तो क्षणभर ९०० पुढे ढकलणार. गुणिले २.६६. पिनियनवर जवळपास २,४००! इंजिन तेच, धक्का डबल.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलाची उशी. टॉर्क तोही वाढवतो, पण हळूच, दाब देत. मॅन्युअल म्हणजे हातोडा.

घरातल्या फ्यूजची आठवण करा. लोड जास्त झाला की सगळ्यात कमजोर तार जळते. गाडीतही तसंच असतं. साध्या रोडच्या टायरवर क्लच सोडला तर टायर घसरतो, धूर निघतो, धक्का तिथेच जिरतो. म्हणजे फ्यूज टायरमध्ये. मग आपण ड्रॅगचे मऊ, चिकट स्लिक टायर लावतो. आता टायर घसरत नाही, तर क्लच घसरतो. फ्यूज क्लचमध्ये. मग आपण म्हणतो, क्लच घसरतोय, च्यायला, जबरदस्त तगडा क्लच टाकू. टाकला. आता फ्यूज कुठे गेला? बरोबर, मागच्या पिनियनमध्ये. आणि हा फ्यूज सगळ्यात महाग.

दात मोडतो तरी कसा? या अ‍ॅक्सलमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या जरा खाली बसतो, याला हायपॉइड म्हणतात. लोड आला की क्राउन आणि पिनियन एकमेकांना दूर लोटायला बघतात. हाऊसिंग लेचंपेचं असेल, बेअरिंग कॅप वाकत असतील, तर दोघं खरंच सरकतात. मग दाताच्या मधोमध पडणारा भार कडेवर येतो. कडा झिलपते, पुढच्या वेळी अख्खा दात जातो.

म्हणून तुटलेले दात फेकून देऊ नका, त्यांची पोस्टमॉर्टेम करा. तुटलेला पृष्ठभाग सगळीकडे खरखरीत, दाणेदार आणि चकचकीत असेल तर तो एकाच झटक्यात गेलाय, कारण तुमचा लाँच. एका बाजूला शंखासारख्या गुळगुळीत रेषा आणि उरलेल्या भागात खरखर असेल तर तडा जुना होता, आज फक्त निकाल लागला. दात निळसर पडलेत, ओरखडे आहेत? मग तेलाचा किंवा उष्णतेचा प्रॉब्लेम. आणि दाताच्या एकाच टोकाला घासल्याच्या खुणा असतील तर सेटिंगच चुकलेलं होतं. चार वेगळे आजार, चार वेगळी औषधं. तपासणी न करता नवा सेट टाकला तर तोही त्याच वाटेनं जाणार.

नवा सेट टाकताना पहिला नियम: क्राउन आणि पिनियन ही जोडी आहे, कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली. दात एकाचेच गेले तरी दोन्ही बदलायचे. दुसरा नियम: हाऊसिंग आतून पार धुवायचं, अ‍ॅक्सलच्या नळ्यांसकट. लोखंडाचा एक कण लपून राहिला की नव्या बेअरिंगची वाट लागते, म्हणून जुनी बेअरिंगही निरोपाला लावायची. नळ्या वाकल्यात का हेही मोजून घ्यायचं.

मग येतं सेटिंग, आणि इथे घाई म्हणजे पैसे पाण्यात. दोन दातांमधली मोकळी जागा, म्हणजे बॅकलॅश, अशा अ‍ॅक्सलमध्ये साधारण ०.००६ ते ०.०१० इंच ठेवतात. पिनियन किती खोल बसवायचा ते शिमनं ठरतं. दातांना पिवळी पेस्ट लावून क्राउन फिरवायचा आणि ठसा बघायचा: ठसा दाताच्या मधोमध हवा, शेंड्याला नको, मुळाशी नको. पिनियनवर कंपनीची चेपणारी बाही असते, ती जोरदार धक्क्यांनी आणखी चेपते आणि बेअरिंगचा ताण सैल पडतो. ड्रॅगच्या गाडीत तिच्या जागी भरीव स्पेसर टाकतात. मागचं पत्र्याचं झाकण काढून जाड अ‍ॅल्युमिनियमचं, बेअरिंग कॅपना बोल्टनं आधार देणारं झाकण बसवलं तर हाऊसिंगचं वाकणं कमी होतं. आणि प्लीज, नवे गिअर टाकून त्याच संध्याकाळी स्ट्रिपवर जाऊ नका. सुरुवातीचे काहीशे किलोमीटर शांत चालवा, मध्ये मध्ये थंड होऊ द्या, मग तेल बदला.

रेशोचा मोह हा वेगळाच विषय आहे. ३.४२ काढून ४.१० टाकला की गाडी उडते, असं प्रत्येक जण सांगतो. खरंय. पण ३.४२ म्हणजे क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १२. ४.१० म्हणजे ४१ आणि १०. क्राउन तेवढाच, म्हणजे पिनियन आणखी बारीक. आधीच अशक्त असलेल्या गड्याला आपण उपाशी ठेवतो.

बाजारात ड्रॅगसाठी खास ‘प्रो’ गिअर मिळतात. ते ९३१० नावाच्या चिवट पोलादाचे असतात. धक्का सोसतात, पण पृष्ठभाग तुलनेनं मऊ असल्यामुळे रोजच्या रस्त्यावर लवकर झिजतात. गाडी ट्रेलरवरून स्ट्रिपवर जाणार असेल तर घ्या. सोमवारी तीच गाडी घेऊन ऑफिसला जायचं असेल तर नको.

एवढं करूनही छोटा अ‍ॅक्सल छोटाच राहतो. ताकद वाढवत नेणाऱ्यांना शेवटी अख्खा अ‍ॅक्सल बदलावा लागतो. तिथे तीन नावं कायम कानावर येतात: जनरल मोटर्सचा ट्वेल्व्ह-बोल्ट, डाना ६० आणि फोर्डचा नाइन-इंच. हा नाइन-इंच १९५७ ते १९८६ या काळात फोर्डच्या गाड्यांत होता आणि स्पर्धेसाठी आजही नव्यानं बनवला जातो. त्याची खासियत म्हणजे पिनियनच्या टोकाला पुढून आणखी एक बेअरिंग, त्यामुळे पिनियन दूर लोटला जात नाही. वर सगळा गिअरचा संच पुढून एकत्र बाहेर निघतो. घर्षण थोडं जास्त, ताकद थोडी खातो, पण भरवशाचा. खर्च मात्र काही हजार डॉलरचा, त्यामुळे घरी आधी चर्चा करा!

आणि खर्चाच्या आधी फुकटातला उपाय: पाय. कमी आरपीएमला सोडा. लाँचला मागची चाकं धडधड उड्या मारायला लागली, ज्याला व्हील हॉप म्हणतात, तर ताबडतोब पाय काढा. टायर हवेत जातो, मोकळा फिरतो आणि जमिनीवर आपटताना पकडतो. प्रत्येक उडी म्हणजे नवा हातोडा. सस्पेन्शनचे जुने रबरी बुश बदलले, कंट्रोल आर्म धड केले की हे बरंच थांबतं. अ‍ॅक्सिलरेटर न सोडता खटकन दुसरा गिअर टाकणं, हाही तसाच धक्का आहे हे लक्षात ठेवा.

त्यापुढचा उपाय म्हणजे क्लच ठरवून घसरवणं. पेडलवरून पाय झटकला तरी क्लच शेवटच्या टप्प्यात सावकाश पकडेल अशी हायड्रॉलिक योजना बसवता येते. त्यासाठी घसरणं सोसणारी क्लच प्लेट हवी, कारण उष्णता तिच्यात जिरणार. ‘क्लच घसरवणं म्हणजे बायल्यासारखं’ असं म्हणणारे महाभाग भेटतील. त्यांना सांगा, टॉप फ्युएल ड्रॅगस्टरला दहा हजारांहून जास्त हॉर्सपॉवर असते, नेहमीसारखा गिअरबॉक्सच नसतो, आणि त्या गाडीचा क्लच सुटल्यापासून ठरवून घसरवत घसरवत हळूहळू घट्ट केला जातो. जगातली सगळ्यात जलद ड्रॅग कार जे करते त्यात कमीपणा कसला?

एक गोष्ट मात्र पैशात मोजू नका. त्या टेन-बोल्टमध्ये अ‍ॅक्सलची दांडी आतल्या टोकाला छोट्या सी-क्लिपनं अडकवलेली असते. दांडी तुटली तर चाकासकट बाहेर येऊ शकते. दांडी बाहेरच्या टोकाला धरून ठेवणारी किट मिळते, ती घाला. प्रोपेलर शाफ्टला खालून पोलादी कडं घाला, म्हणजे पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उधळणार नाही. गिअर तुटला तर शनिवार जातो. हे तुटलं तर माणूस जातो.

‘आमच्याकडे कुठे आहे कॅमॅरो?’ असं म्हणून पान उलटू नका. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर आपल्याकडेही ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत. आपल्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात, त्यांना मागे क्राउन-पिनियन नसतोच. पण तुमच्याकडे बोलेरो, थार किंवा जुनी जिप्सी असेल तर मागे हीच जोडी बसलेली आहे. पावसाळ्यात चिखलात चाक रुतलं, इंजिन कोकलवलं, चटकन क्लच सोडला आणि फिरतं चाक अचानक दगडावर पकडलं, की तोच हातोडा. तेल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय तेवढं बघा. राखाडी, लोण्यासारखा लेप असेल तर चालतं. टोचणारे तुकडे निघाले तर गाडी तिथेच थांबवा आणि मेकॅनिकला हाऊसिंग उघडायला सांगा.

मॅन्युअल विकून ऑटोमॅटिक घ्या, हा सल्ला मी देणार नाही. तीन पेडलची मजा ती तीन पेडलचीच. फक्त गाडीत काहीतरी आधी हार मानणार हे धरून चाला आणि ते काय असावं हे स्वतः निवडा. क्लच प्लेट बदलणं परवडतं. क्राउन-पिनियन दर महिन्याला बदलणं कुणालाच परवडत नाही.