कोणास राखावें, कोणास सोडावें

आमच्या मधल्या बंधूंचे चिरंजीव न्यू जर्सीस असतात. गेल्या फाल्गुनांत त्यांचा फोन आला तो अगदीं चिंतातुर स्वरांत. "काका, २३ पैकीं ८ जणच ठेवतां येतात आणि यादी उद्यां द्यायची आहे!" आम्हांस वाटलें, कचेरींतील माणसें कमी करावयाचीं आहेत. मागाहून उलगडा झाला कीं हें प्रकरण मनोराज्यांतील बेसबॉलचें होतें.

हा खेळ मैदानावर नव्हे, कागदावर चालतो. १९८० सालीं डॅनियल ओक्रेंट ह्या लेखकानें मित्रांसह तो मांडला, आणि न्यूयॉर्कमधील ज्या उपाहारगृहांत मंडळी जमत, त्यावरून त्यास 'रोटिसरी' हें नांव पडलें. प्रत्येक मालकास २६० डॉलर. लिलावांत बोली लावून त्यानें २३ खरे खेळाडू घ्यावयाचे. ते वर्षभर मैदानावर जितके होमरन मारतील, जितके बेस चोरतील, तितके ह्याच्या खातीं जमा. चिरंजीवांच्या मंडळांत १२ मालक आहेत, आणि गतवर्षींचे ८ गडी जुन्याच किमतीस राखण्याची मुभा आहे.

नवखा म्हणेल, उत्तम ते राखावे. तेथेंच फसगत होते. गडी किती चांगला हा प्रश्न नसून तो किती स्वस्त पडला हा आहे. ३ डॉलरांस घेतलेला पोरगा १५ च्या मोलाचा निघाला, तर १२ डॉलर हातीं राहिले. उलट ३० च्या मोलाचा मातबर फलंदाज ३२ ला राखणें म्हणजे शुद्ध तोटा, असें चिरंजीवांचें गणित. आम्हीं विचारलें, "अरे, सगळेच स्वस्त माल घरांत ठेवणार, तर बाजारांत उरेल काय?" बाराजणांचे मिळून ३१२० डॉलर. राखलेल्यांची किंमत ६०० आणि खरें मोल १००० धरलें, तर २५२० डॉलर उरतात आणि माल उरतो २१२० चा. भाव शेंकडा १९ नीं चढला! ३० चा गडी आतां ३५ च्याही वर जाणार. ३२ ला तो राखणेंच शहाणपणाचें.

पिचरच्या बाबतींत मात्र आम्ही हात आंखडतों. त्यांचें कोपर केव्हां दगा देईल ह्याचा नेम नाहीं. १९७४ त टॉमी जॉन यांच्या कोपरावर डॉ. फ्रँक जोब यांनीं शस्त्रक्रिया केली. ते १९७६ त पुन्हां खेळूं लागले. शस्त्रक्रियेस वैद्याऐवजीं रोग्याचें नांव मिळावें, हा योग विरळाच. पण तोंवर मालकाचें वर्ष बुडतें, तें बुडतेंच.

खरी अडचण निराळीच होती. एक उतारवयाचा गडी, किंमत १८, मोल फार तर १२. त्याच्याच जोरावर चिरंजीव पहिल्या वर्षीं जिंकले होते. "त्याला कसा सोडूं, काका?" चढत्या भावानेंही तो १४ च्या पलीकडे जाणार नाहीं, सोडून पुन्हां घे, असें आम्हीं समजाविलें. त्यांनीं सोडला. लिलावांत कोणी हट्टानें बोली वाढवीत गेलें, आणि चिरंजीवांनीं तो १९ ला परत घेतला. सूनबाई तीन वर्षें म्हणत होत्या, त्या म्हाताऱ्यास आतां पुरे करा. त्यांस हा आंकडा अद्याप सांगितलेला नाहीं. हा अंक तिकडे जात नाहीं, म्हणूनच येथें लिहितों.