कोटाची किंमत आणि माणसाचे मोल

परीक्षांचा हंगाम ओसरू लागला की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर नोकरीच्या मुलाखतींच्या तारखा झळकू लागतात. कंपनीचे नाव, वेळ, सोबत आणावयाची कागदपत्रे आणि सर्वांत शेवटी एक ओळ : ‘फॉर्मल पोशाख अनिवार्य’. ओळ तीनच शब्दांची असते. पण ज्या घरात कोट ही वस्तू फक्त लग्नाच्या छायाचित्रात, आणि तीही भाड्याने आणलेली, दिसते, त्या घरातील मुलाला हे तीन शब्द प्रश्नपत्रिकेतील सर्वांत अवघड प्रश्नाइतके छळतात. फॉर्मल म्हणजे नेमके काय? कोट हवा की नुसता शर्ट चालेल? टाय नसली तर दारातूनच परत पाठवतील काय? विचारावे तर अडाणीपणा उघडा पडण्याची भीती, न विचारावे तर चुकण्याची भीती. शेवटी वडिलांनी खतासाठी बाजूला ठेवलेले किंवा आईने भिशीत साठवलेले पैसे घेऊन तो जिल्ह्याच्या गावी जातो आणि दुकानदार जे अंगावर चढवील ते घेऊन परततो.

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली जाते. तीत उपहास अधिक की व्यवहारज्ञान अधिक, हे सांगणे कठीण आहे. परंतु पोशाखाचा प्रश्न हा निव्वळ चैनीचा वा नटण्यामुरडण्याचा प्रश्न आहे, असे समजून तो झटकून टाकणे मात्र बरोबर नाही. अर्थशास्त्राचा आद्य पुरुष ज्याला म्हणतात त्या अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गरज आणि चैन यांतील भेद सांगताना तागाच्या शर्टाचेच उदाहरण घेतले होते. जगण्यासाठी हा शर्ट आवश्यक नाही. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक त्यावाचून सुखाने जगले. परंतु आपल्या काळातील युरोपात साधा रोजंदारीवरचा मजूरही असा शर्ट अंगात नसेल तर चारचौघांत जाण्यास लाजेल. म्हणून तो शर्ट गरजेतच मोजला पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. ज्या वस्तूवाचून माणसाला समाजात ताठ मानेने उभे राहता येत नाही ती वस्तू गरजेचीच, हा त्यातील गाभा अडीचशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही. मुलाखतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाचा कोट हा त्या मजुराच्या शर्टाचा आजचा अवतार आहे.

मात्र गरज म्हणून मान्य केल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. या कोटावरून मुलाखत घेणाऱ्यास नेमके काय कळते? मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली नोकरीच्या बाजारातील ‘संकेतां’चा सिद्धान्त मांडला आणि पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकात तो वाटेकरी झाला. उमेदवाराचे अंगचे गुण मालकाला दिसत नाहीत, म्हणून तो बाहेरच्या खुणांवरून अंदाज बांधतो. पण खूण विश्वासार्ह ठरण्यासाठी एक अट असते : ती मिळवणे गुणवंतास सोपे आणि गुणहीनास कठीण असले पाहिजे. पदवी ही अट थोडीफार तरी पाळते. महागडा कोट ती मुळीच पाळत नाही. तो विकत घेणे हुशार मुलाला सोपे आणि मठ्ठ मुलाला कठीण असे कधीच नसते. ते पैसेवाल्याच्या मुलाला सोपे आणि गरिबाच्या मुलाला कठीण असते. कोटाच्या कापडावरून जो उमेदवाराची पारख करतो, तो नकळत उमेदवाराच्या वडिलांच्या मिळकतीची पारख करीत असतो. नीटनेटकेपणाची गोष्ट वेगळी. धुतलेला, इस्त्री केलेला, मापाचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट यांतून काळजी आणि शिस्त दिसते, आणि ती कमी पैशांतही साधते. फॉर्मल पोशाखाचा आग्रह धरणाऱ्यांनी या दोन गोष्टींची गल्लत केली आहे.

यावर एक सोपे उत्तर पुढे केले जाते. कोट आणि टाय ही साहेबाची देणगी. साहेब गेला, आता त्याचा कोटही जावा. हे उत्तर ऐकायला बरे वाटते; महाराष्ट्राचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. १८८८ साली पुण्यात व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. दागदागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांकडे पाहून या देशाची कल्पना करू नका, खरा देश खेड्यांत आहे, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. तेथे साधा वेष हाच सर्वांत प्रभावी युक्तिवाद होता. त्याच महाराष्ट्रात पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सूट, टाय आणि बूट ही आपली ओळख बनविली, आणि गावोगावच्या पुतळ्यांतून तीच निळ्या सुटातील आकृती आज उभी आहे. तिला साहेबी अनुकरण म्हणणाऱ्यांना पोशाखाचा जातीय इतिहास ठाऊक नसतो. इंदूर संस्थानातील बलाई समाजाने जरीकाठी पागोटी घालू नयेत, रंगीत काठांची धोतरे नेसू नयेत, असे फर्मान तेथील सवर्णांनी काढल्याची १९२८ मधील हकिकत बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’वरील आपल्या निबंधात नमूद केली आहे. ज्या समाजाला चांगले वस्त्र नेसण्याचीच बंदी होती त्या समाजातील माणसाने उत्तम बेताचा सूट परिधान करणे हा बरोबरीचा जाहीरनामा असतो. जोतीरावांचा वेष आणि बाबासाहेबांचा सूट यांत विरोध पाहणे चूक आहे. दोघांनीही आपला पोशाख जाणून आणि हेतूपूर्वक निवडला. दुसऱ्याने तो त्यांच्यावर लादला नाही.

तेव्हा खरा प्रश्न पोशाख देशी की विदेशी हा नसून तो निवडणाऱ्याच्या हाती माहिती आणि मोकळीक आहे की नाही, हा आहे. माहितीचा अभाव महाग पडतो. समजा, एखाद्या तरुणाने आठ हजार रुपयांचा तयार सूट घेतला आणि दोन मुलाखती व दोन लग्ने यांत तो चारदा घातला. तर प्रत्येक वापर दोन हजारांना पडला. दीड हजारांची गडद रंगाची पँट त्याने नोकरीत दीडशे वेळा घातली, तर प्रत्येक वापर दहा रुपयांना पडतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरील कपड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे आठ हजारांच्या त्या सुटावर कराचेच १,४४० रुपये होतात. एवढ्या रकमेत एक बरी पँट येते. कापड घेऊन शिंप्याकडे दिल्यास कापडावर ५ टक्केच कर लागतो, आणि कपडा मापाचा होतो तो वेगळाच.

मापाचे महत्त्व कापडाहून अधिक आहे, हे जुने शिंपी सांगत आले आहेत. कोट घेताना आधी खांदे पाहावेत. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा उतरलेला कोट सहसा सुधारत नाही. बाहीखालून शर्टाची कफ अर्धा इंच दिसावी, पँटचा काठ बुटावर जेमतेम टेकावा, पट्टा आणि बूट एका रंगाचे असावेत. शिवणीत पुरेशी माया सोडून घेतली तर चार वर्षांनी अंग सुटल्यावरही कपडा टाकावा लागत नाही. पहिला कोट गडद निळा किंवा करडा घ्यावा. तो कचेरीत आणि समारंभात सारखाच चालतो. काळा वकिलांना शोभतो, चमकदार नवरदेवाला. निव्वळ पॉलिएस्टरचा कोट स्वस्त असतो, पण घाम शोषीत नाही. अंगात अस्तर असेल तर उकाडा दुप्पट होतो. हलक्या लोकरी वा सुती मिश्रणाचे, अर्धेच अस्तर लावलेले कापड आपल्या हवेला मानवते. आणि कोटाची ऐपत नसेल तर पांढरा किंवा फिकट निळा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट आणि साधे कातडी बूट एवढ्याने मुलाखत निभावते. लग्नसमारंभासाठी सुती कुर्त्यावर बंद गळ्याचे जाकीट हा तर कोटाहून स्वस्त आणि अधिक देखणा पर्याय आहे. ऋण काढून सण करण्याची हौस निदान पोशाखात तरी आवरावी.

परंतु सारा शहाणपणा तरुणांनाच शिकवून भागणार नाही. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कोटाची अपेक्षा धरणे हा शिष्टाचार नसून निष्काळजीपणा आहे. जपानसारख्या शिष्टाचारप्रिय देशाने २००५ साली ‘कूल बिझ’ नावाची मोहीम सुरू केली, कचेऱ्यांतील वातानुकूलन यंत्रे २८ अंशांवर ठेवण्यास सांगितले आणि कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यात कोट व टाय उतरविण्याची मुभा दिली. विजेची बचत हा त्यातील हिशेब होता. आपल्याकडेही सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता अन्य न्यायालयांत उन्हाळ्यात वकिलांना काळा कोट सक्तीचा नाही. न्यायालयाची प्रतिष्ठा जर कोटावाचून टिकते, तर विमा कंपनीची वा बँकेची का टिकू नये?

शासनाचेही या बाबतीत लक्ष असते. डिसेंबर २०२० मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांना जीन्स व टी-शर्ट टाळण्याच्या आणि आठवड्यातून एकदा खादी वापरण्याच्या सूचना निघाल्या. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी निर्णय आला : पुरुषांनी फिकट शर्ट, गडद पँट, शर्ट आत खोचलेला. शिक्षकाने नीटनेटके असावे याबद्दल दुमत नाही. परंतु पुष्कळ शाळांतून तुटपुंज्या मानधनावर शिकविणारेही असतात, आणि नियम करणाऱ्याने नियमाचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार हे पाहणे अगत्याचे असते. या निर्णयात एक गुण मात्र मानावा लागेल. त्याने काय हवे ते स्पष्ट सांगितले. सूचनाफलकावरील त्या तीन शब्दांत नेमका हाच गुण नाही.

म्हणून मागणी फार मोठी नाही. मुलाखतीस बोलावणाऱ्या प्रत्येक संस्थेने ‘फॉर्मल’ या गूढ शब्दाऐवजी दोन सरळ वाक्ये लिहावीत : स्वच्छ शर्ट, पँट व बूट पुरेसे आहेत, कोट व टाय आवश्यक नाहीत. महाविद्यालयांनी मुलाखतीच्या तयारीत एक तास याला द्यावा, म्हणजे कोणास प्रश्न विचारण्याची लाज वाटणार नाही. आणि टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांनी उमेदवाराचा खांद्यावरून उतरलेला कोट दिसला की क्षणभर थांबावे. तो कोट कदाचित मोठ्या भावाचा असेल, कदाचित शेजाऱ्याकडून मागून आणलेला असेल. त्याच्या आत बसलेल्या मुलाने तो येथपर्यंत कसा आणला, याची चौकशी केली तर त्याच्या गुणांविषयी कापडापेक्षा पुष्कळ अधिक कळेल.