शस्त्रपूजेतील स्नान

खंडेनवमीस घरातील शस्त्रे पाटावर मांडून पूजण्याची आपली रीत आहे. ज्या शेतकरी कुटुंबांकडे पीकरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते, तेथे तीही तलवार-कोयत्यांच्या शेजारी विराजमान होते. गंध लागते, झेंडूची माळ चढते, निरांजन ओवाळले जाते. नळी मात्र चातुर्मासाच्या दमट हवेनंतरही आतून कोणी पाहिलेली नसते. देवास स्नान न घालता गंध लावण्यास जो गृहस्थ कधीही धजणार नाही, तोच शस्त्राच्या बाबतीत ते निःशंकपणे करतो, ही विसंगती मला खटकते.

अज्ञातवासापूर्वी पांडवांनी शमीवृक्षावर आयुधे ठेवली, ही कथा मुलांनाही ठाऊक असते. परंतु विराटपर्वातील दोन बारकावे कथेकरी सहसा सांगत नाहीत. ठेवण्याआधी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या गेल्या. आणि नकुल स्वतः वृक्षावर चढला व पावसापासून बचाव होईल अशी जागा हेरून त्याने ती दृढ दोरांनी बांधली. राजपुत्राने हे काम दुसऱ्यावर सोपविले नाही. पुढे उत्तराने ती धनुष्ये खाली काढली, तेव्हा अर्जुनाचे गांडीव युद्धास सिद्ध होते.

यावर घरधनी म्हणतात, "बुवा, उघडली आणि पुन्हा जुळली नाही तर?" भय खरे आहे, पण अनाठायी. दुनळी काडतुशी बंदुकीचे साफसफाईपुरते भाग तीनच : नळ्या, पुढचा लाकडी मुठा आणि दस्त्यासह चापाचा भाग. प्रथम बंदूक मोडून दोन्ही घरांत काडतूस नाही, हे डोळ्यांनी पाहावे व बोटानेही चाचपावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मग मुठा काढावा, कळ दाबून नळ्या उतराव्यात आणि पांढऱ्या धोतरावर काढल्या क्रमाने मांडाव्यात. उलट क्रमाने जोडले की झाले. पहिल्या खेपेस जाणता माणूस शेजारी बसवावा; दोन-तीन वेळा केल्यावर हात आपोआप वळतो. चापाच्या आतील कमानी व घोडे यांना मात्र हात लावू नये, ते परवानाधारक कारागिराचे काम. कोठे थांबावे हे कळणे हाही आत्मविश्वासाचाच भाग आहे.

नळीत पितळी तारांचा ब्रश काडतुसाच्या बाजूने घालावा, मागोमाग कोरडे फडके, शेवटी तेलाचा पुसट हात. नंतर उजेडाकडे धरून आरपार पाहावे. महिनोन्महिने कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. अशा तुंबलेल्या नळीतून बार काढला तर नळी फुटून हात जातो. रानडुकरांच्या भीतीने रात्री घाईघाईने बंदूक उचलणाऱ्याला ते पाहण्यास सवड कोठून असणार?

ठासणीच्या बंदुकीची तऱ्हा वेगळी. ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. केप काढून गज आत सोडावा, तोंडाशी बोटाने खूण धरावी व तेवढाच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. तो तळापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे असे समजून जाणत्याला बोलवावे. काळ्या दारूची काजळी ओल ओढून घेते, म्हणून रिकाम्या नळीस कढत पाणी हवे. त्यानंतर ती पूर्ण सुकवून मग तेल. येथे स्नान हा शब्द अक्षरशः लागू पडतो!

निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत मिळाल्यावरही हीच पहिली सेवा करावी. बऱ्याच घरी ती तशीच खुंटीवर जाते.

पूजेच्या वेळी गंध लाकडी दस्त्यावर लावावे, पोलादावर नव्हे. ओल्या फुलांनी आणि गंधाने नळीस गंज चढतो. दुसऱ्या दिवशी सोने लुटण्यास निघण्यापूर्वी माळ उतरवून, कोरड्या फडक्याने पुसून, बंदूक कुलपात ठेवावी.