फळवाटपानंतर कोण येतं?

चौदा एप्रिल जवळ आली की आपल्या मंडळांच्या बैठकीत एक ठराव हमखास होतो : रुग्णालयात फळवाटप. मग केळी, बिस्किटांचे पुडे, मागे बॅनर, आणि खाटेवरच्या माणसाला एक केळं देताना त्या केळ्याला लागलेले चार कार्यकर्त्यांचे हात. फोटो निघाला की मंडळी पुढच्या खाटेकडे. या प्रथेला मी नावं ठेवणार नाही. जयंतीचा पैसा नुसता डीजेवर जाण्यापेक्षा हे शतपट बरं. पण पंधरा एप्रिलला त्या खाटेपाशी कोण येतं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. यंदा हा प्रश्न मी एका विशिष्ट जागेबद्दल विचारणार आहे.

पुण्यात खडकीला लष्करी रुग्णालयाला लागून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ साली ते उभं राहिलं. पाठीचा कणा किंवा मान मोडून मज्जारज्जूला इजा झालेले जवान तिथे राहतात. कुणाला लढाईत गोळी लागली, कुणी डोंगरात गस्त घालताना दरीत कोसळला, कुणाची गाडी उलटली. कंबरेखालचं अंग गेलं तर पॅराप्लेजिया, मानेखालचं सगळंच गेलं तर क्वाड्रिप्लेजिया. विशीबाविशीचा पोरगा भरती होतो, धावतो, डोंगर चढतो, आणि एका दिवसात पुढचं सगळं आयुष्य चाकाच्या खुर्चीवर येतं. पुढे तीस वर्षं, चाळीस वर्षं.

आपल्याला वाटतं, चालता येत नाही एवढंच. खरं दुखणं त्याहून खोल आहे. शरीराच्या त्या भागाला काहीच कळत नाही. लघवी-शौचावर ताबा राहत नाही. आपण तासभर एका कुशीवर झोपलो तर अंग आपोआप वळतं, कारण दुखतं. त्यांना दुखतच नाही, म्हणून अंग वळत नाही, आणि हाडाखालची कातडी रक्ताविना मरून तिथे जखम होते. ती हाडापर्यंत जाते आणि जीवही घेऊ शकते. म्हणून खाटेवरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. रात्रीसुद्धा. हे काम तिथले शिकलेले परिचर करतात. ते आपलं काम नव्हे. आपलं काम वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

आधी, आपणच का? लष्कराचं लष्कराने बघावं असं कुणी म्हणेल. लष्कर बघतंच आहे. पण एक जानेवारीला आपण लाखोंनी कोरेगाव भीमाच्या स्तंभाला मानवंदना द्यायला जातो, ती कुणाला? सैनिकाला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली तेव्हा आपल्या समाजाची भाकरीच नाही, तर शाळा आणि मान दोन्ही गेले. ती भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध सरल्यावर ती मोडली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. ज्या समाजाने वर्दीसाठी पन्नास वर्षं अर्जफाटे केले, त्याने वर्दी उतरलेल्या माणसाला विसरावं हे शोभत नाही. तो माणूस मग कुठल्याही जातीचा, कुठल्याही राज्याचा असो. खडकीच्या त्या केंद्रात पंजाबचा असतो, केरळचा असतो, साताऱ्याचा असतो.

आणि खडकी आपल्याला परकी नाही. बोपोडी, दापोडी, औंध रोड, देहू रोड या भागांत आपली वस्ती दाट आहे. दारूगोळा कारखाना, रेल्वे, छावणी यांच्या नोकऱ्यांमुळे कित्येकांचे आजोबा इथे आले. देहू रोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. रविवारी वंदना झाल्यावर तिथून खडकीला लोकलने अर्धा तासही लागत नाही.

विनयपिटकातली ती गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती घेतली आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असं त्यांनी संघाला बजावलं. एवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण त्याआधीचा एक प्रश्न आपण विसरतो. तथागतांनी त्या भिक्खूला विचारलं, बाकीचे तुझ्याकडे का पाहत नाहीत? तो म्हणाला, मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. सैनिक कमरेत ताठ होता तेव्हा गावाने त्याचा सत्कार केला, लग्नाला पाहुणे जमवले, भाषणात नाव घेतलं. आता तो कुणाच्या उपयोगाचा नाही.

तिथेच पुढे आजाऱ्याची चांगली सेवा कोण करतो याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावं, पथ्य-अपथ्य कळावं, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने करावं, मळ-मूत्र-ओकारीची किळस करू नये, आणि आजाऱ्याचं मन प्रसन्न होईल असं धम्माचं बोलावं. पहिले दोन डॉक्टर-परिचारिकांचे. तिसरा आणि पाचवा आपल्याला आजपासून जमतील. चौथा आपल्या आयाबहिणींनी आणि सफाई खात्यातल्या बांधवांनी जन्मभर केला आहे, त्याचं प्रमाणपत्र मात्र कुणी दिलं नाही.

आता काम. ही लष्कराच्या आवारातली जागा आहे, वाटेल तेव्हा घुसता येत नाही. मंडळाच्या किंवा विहाराच्या लेटरहेडवर केंद्राच्या कार्यालयाला पत्र द्यावं. किती जण, कोणत्या वारी, काय येतं हे स्पष्ट लिहावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. ओळखपत्र जवळ ठेवावं. फोटो काढायला परवानगी नसेल तर वाद घालू नये. खरं म्हणजे परवानगी असली तरी काढू नये. पन्नास जणांनी एकदा जाण्यापेक्षा चार जणांनी वर्षभर दर पंधरवड्याला जावं. एकदा वार ठरला की पाऊस असो की मॅच, चुकवू नये. वाट बघणाऱ्याला न येणारा पाहुणा फार महाग पडतो.

‘आम्हाला काय येतं?’ असं आपली माणसं लगेच म्हणतात. अहो, ज्याला सायकलचं पंक्चर काढता येतं, स्पोक आवळता येतात, बेअरिंगला ग्रीस भरता येतं, त्याला चाकाच्या खुर्चीचं निम्मं काम येतं. शिलाई येणाऱ्या बहिणींनी तर हे जरूर वाचावं : दिवसभर बसून राहणाऱ्याच्या पँटला मागचा खिसा, जाड शिवण किंवा धातूचं बटण असेल तर तेच कातडीत रुतून जखम करतं, आणि त्याला पत्ता लागत नाही. मागे खिसा नको, शिवण चपटी हवी, कंबर मागून थोडी उंच हवी, खिसा मांडीवर हवा. अशी पँट दुकानात सहज मिळत नाही. आपल्या वस्तीत प्रत्येक गल्लीत दोन मशीन आहेत. कॉलेजच्या मुलांनी मोबाईलवर बँकेचं काम, अर्ज, परीक्षेचं फॉर्म भरणं यात मदत करावी. कॅरम-बुद्धिबळाला तर डिग्रीची गरजच नाही. तिथले जवान व्हीलचेअरवर बसून बास्केटबॉल खेळतात. सामना असेल तर प्रेक्षक म्हणून जा, टाळ्या वाजवा. ज्यांचे हात गेले त्यांच्यातले काही तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. ती विक्रीला असली तर विकत घ्या, फुकट मागू नका.

काही पथ्यं. खुर्ची न विचारता ढकलू नये, ती त्या माणसाचे पाय आहेत. स्वतःच्या बळावर कुणाला उचलायला जाऊ नये. गरम चहाचा कप मांडीवर ठेवायला देऊ नये, भाजलं तरी कळत नाही. लघवीची पिशवी खुर्चीला खाली अडकवलेली असते, ती वर उचलून ठेवू नये, मूत्र उलटं जाऊन ताप येतो. सर्दी-खोकला असेल त्या आठवड्यात जाऊ नये. आणि पहिल्या भेटीत ‘कसं झालं हो?’ विचारू नये. सांगायचं असेल तर तो सांगेल. ‘बिचारा’ हा शब्द घरी ठेवून जावा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली अधू झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. ‘बिचारा’ म्हणणाऱ्यांनी मधली शेहेचाळीस वर्षं मोजावीत.

नांदेड, अकोला, चंद्रपूरचे वाचक म्हणतील, खडकी आम्हाला लांब. बरोबर. पण माजी सैनिक तुमच्या गल्लीतही आहे, आणि त्याची लढाई आता कागदाशी आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठी २००३ पासून ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना सुरू आहे, तिची पॉलिक्लिनिक्स अनेक जिल्ह्यांत आहेत. सत्तरीचा म्हातारा गावाहून एस.टी.ने येतो, रांगेत उभा राहतो, मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी घ्यायला दुसऱ्या खिडकीवर जातो, तोवर औषधांची खिडकी बंद होते. त्याच्या शेजारी एक लिहिता-वाचता तरुण उभा राहिला तर त्याच दिवशी काम होतं. यालाही सेवाच म्हणतात, आणि तिला बॅनर लागत नाही.

विधवांचे हाल त्याहून जास्त. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव माहेरचं, पेन्शन पेमेंट ऑर्डरवर सासरचं, आधार कार्डावर तिसरंच. मुलांच्या जन्मतारखा शाळेत एक, पलटणीच्या नोंदीत दुसरी. मालक जिवंत असेतोवर कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं, आणि बाई दर महिन्याला शंभर रुपये भाडं खर्चून ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून परत येते. मी कारकून आहे, टेबलाच्या पलीकडचा अनुभव मला रोजचा आहे, म्हणून सांगतो : नव्वद टक्के कामं अडतात ती कायद्याने नाही, एका अक्षराने. माजी सैनिक हयात आहे तोवरच त्याच्यासोबत बसा, तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवा, नावं-तारखा जुळतात का बघा. जुळत नसतील तर त्याच्या सहीने दुरुस्तीचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. कुठे पाठवायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी, पोचपावतीसह.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता संरक्षण खात्याची पेन्शन ‘स्पर्श’ या संगणक प्रणालीवर आहे, आणि दाखला मोबाईलवरूनही देता येतो. ज्याच्या बोटांचे ठसे कष्टाने झिजले आहेत त्याला चेहरा दाखवून देण्याची सोय आहे. तरीही दाखला राहिल्यामुळे पेन्शन थांबलेली माणसं दरवर्षी भेटतात. विहाराच्या फळ्यावर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक ओळ लिहा : माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नींनी पुढच्या रविवारी वंदनेनंतर पेन्शनचे कागद, आधार कार्ड आणि मोबाईल घेऊन यावं. टेबल एक, खुर्च्या तीन, मुलं दोन, एक पेन. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी त्याच दुपारी जा. जयभीम.